मोठेपणी पुन्हा घोड्याजवळ: तबेल्यातलं काम शिकू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत असताना मी 5 वर्षं रायडिंग केलं. मग कॉलेज, नोकरी, संसार, आणि सलग कित्येक वर्षं घोड्याला हात लावला नाही. 44व्या वर्षी पुण्याजवळच्या एका तबेल्यात परत गेले. बसायला म्हणून गेले आणि लीद उचलायला लागले. तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

लहानपणी शिकलेलं रायडिंग परत येतं का?

येतं, आणि पंचाईत तिथेच होते. तिसऱ्या-चौथ्या धड्याला दुडकीवरची उठबस जमायला लागते, टाच आपोआप खाली जाते, आणि आपल्याला वाटतं की आपण होतो तिथेच आहोत. मांड्या दोन दिवस जिना उतरू देत नाहीत, पण तेवढं चालायचंच.

माझ्या परत आल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. चंपा नावाच्या म्हाताऱ्या घोडीवर बसून मी 15 मिनिटं मजेत फिरवत होते. कुंपणाशी माझ्याकडे पाठ करून उभे असलेले साईस (घोड्यांची देखभाल करणारे) मागे न बघताच म्हणाले, “मागचा डावा बघा, खडा असंल.” नुसत्या टापांच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. मी वर बसून होते, मला पत्ता नव्हता. उतरून खूर उचलायला गेले तर तोही उचलता येईना. शाळेत आम्हाला घोडा खोगीर कसून तयार मिळायचा, धडा संपला की लगाम साईसच्या हातात आणि आम्ही कँटीनला. 5 वर्षांत मी एकाही घोड्याचा खूर आतून पाहिला नव्हता.

मला फक्त रविवारी तासभर बसायचं आहे. हे सगळं शिकायची गरज आहे का?

नाही. तो तास मजेचा असतो आणि त्यात कमीपणा नाही. पण घोडा आज अंग का आखडतोय, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) ओढताना दात का दाखवतोय, डावीकडे वळायला का कुरकुरतोय, याची उत्तरं बहुतेक वेळा उरलेल्या 23 तासांत असतात. ती वर बसून दिसत नाहीत.

महाराष्ट्रात असं काम शिकायला कुठे मिळतं?

‘घोड्याची देखभाल, सहा आठवड्यांचा कोर्स, प्रौढांसाठी’ अशी पाटी शोधत बसलात तर वर्ष जाईल. बहुतेक ठिकाणी हे विचारून, ओळखीने, हळूहळूच मिळतं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे जिथे धडे घेता तिथेच. पुण्याच्या आसपास रायडिंग स्कूल बरीच आहेत. मुंबईत महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. या शाळांतले पुष्कळसे घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. अंगाने पातळ कातडीचे, डोक्याने चटपटीत, तळव्याने नाजूक. त्यांच्याकडून शिकायला भरपूर मिळतं, पण सुरुवातीला म्हातारा, शांत घोडाच मागून घ्या.

रेसकोर्सवरच्या तबेल्यात बाहेरच्या माणसाला सहसा कोणी काम करू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पुण्याच्या हंगामात, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर, पहाटेचा सराव पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. घोडा गार कसा करतात, किती वेळ हातात धरून चालवतात, हे तिथे जसं दिसतं तसं इतरत्र दिसत नाही.

माथेरान हा मला फार उशिरा सुचलेला पर्याय. तिथे मोटारी नाहीत, माणसं आणि सामान अजूनही घोड्यावरून जातं. पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत, आधी ओळख काढून, एखाद्या घोडेवाल्याबरोबर सकाळ घालवा. मागून रांगेत पर्यटक उभे नसले की ही माणसं मनापासून शिकवतात. लाल मातीच्या त्या घसरड्या वाटांवर काम करणाऱ्या तट्टाचे पाय आणि नाल ते ज्या बारकाईने बघतात, ते पाहण्यासारखं आहे.

घरात शाळा-कॉलेजातलं पोरगं असेल तर त्याला एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी, म्हणजे घोड्यांच्या, तुकडीबद्दल जरूर सांगा. आपलं वय गेलं, त्याचं नाही.

तबेल्यात विचारायचं कसं? मला फार संकोच वाटतो.

संकोच दोन्हीकडून असतो, आणि खरी अडचण हीच आहे. परदेशात राहिलेल्या मैत्रिणी सांगतात की तिकडे घोड्यावर बसणारा माणूसच लीद काढतो, पाणी भरतो, खरारा करतो. आपल्याकडे बसणारा वेगळा आणि करणारा वेगळा. तुम्ही फी भरणारे, वयाने मोठे, गाडीतून उतरलेले. तुम्ही खराट्याला हात घातलात की साईसला वाटतं, आपल्या कामात खोट काढली. मालकाला वाटतं, पाय मोडून घेतील आणि माझ्या नावाने ओरडतील.

माझ्या बाबतीत तर खुर्ची यायची. मी सकाळी तबेल्यात पाऊल टाकलं की कोणीतरी पळत जाऊन निळी प्लॅस्टिकची खुर्ची आणायचं. “मॅडम, तुम्ही बसा ना.” चहा यायचा. मी बसायचे, कारण नाही कसं म्हणणार? असे तीन रविवार गेले.

शेवटी जमलं ते असं. मालकांना सरळ सांगितलं की मला फुकट बसायला नको, धड्याची फी चालूच राहील, पण मंगळवार आणि शनिवार मी पहाटे साडेपाचला येईन आणि मामा सांगतील ते करीन. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने साईस. मालक हो म्हणाले. मामांनी मान हलवली, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. नंतर कळलं, “दोन आठवडे टिकती का बघू.”

तेव्हा युक्ती एवढीच: वार ठरवा, वेळ ठरवा, आणि पाऊस असो, लग्न असो, त्या वेळेला हजर राहा. ‘जमेल तसं येते’ म्हणणाऱ्याला कोणी काही शिकवत नाही. घोड्यांचंही वेळापत्रक असतं, त्यात पाहुणा परवडत नाही.

साईसला पैसे द्यावेत का? की अपमान वाटेल?

द्यावेत. मालकांना विचारून, ठरवून, दर महिन्याला. तुम्हाला शिकवताना त्यांचं काम कितीतरी लांबतं. अर्ध्या तासात चार ठाणं (घोडा बांधायच्या जागा) साफ करणारा माणूस तुमच्यामुळे पाऊण तासात एक करतो. ‘मी त्यांना मदतच करते’ हा समज पहिले सहा महिने तरी डोक्यातून काढून टाका. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून घोडे सजवतात, त्या दिवशी मिठाई नेणं वेगळं. ते मिठाईच्या जागी, पैसे पैशाच्या जागी.

पहिल्या महिन्यात नेमकं काय काम करायला मिळेल?

लीद. एक मध्यम आकाराचा घोडा दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतो, त्यामुळे शिकायला सामग्री मुबलक असते. थट्टा नाही. लीद काढताना घोड्याची तब्येत वाचता येते. चांगली लीद म्हणजे ओलसर गोळे, जमिनीवर पडले की फुटणारे. कोरडे, चकचकीत, बारीक गोळे दिसले की पाणी कमी पडतंय. शेणासारखी पातळ पडली की चाऱ्यात काही बदललं किंवा घोडा घाबरलाय. लिदीत अख्खे दाणे दिसले की दात तपासायची वेळ झाली. आणि सकाळी ठाणात लीदच नसली तर खराटा ठेवून आधी हाक मारायची.

ओला भुसा काढायचा, कोरडा आत ओढायचा. मुताचा वास डोळ्याला झोंबला तर समजा काल कोणीतरी वरवर केलंय.

मग पाणी. घोडा दिवसाला 25 ते 45 लिटर पितो, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. बादल्या नुसत्या भरायच्या नसतात; आधी किती उरलंय ते बघायचं, मग घासायच्या.

मग खरारा. हे मला सोपं वाटलं होतं. रबराचा खरारा गोल फिरवत मानेपासून मागे यायचं, सुटलेली धूळ कडक ब्रशने झटकायची, शेवटी मऊ ब्रश. हाडं वर आहेत तिथे, म्हणजे गुडघ्याखाली आणि तोंडावर, खरारा लावायचा नाही. मी हे सगळं दहा मिनिटांत उरकलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. चंपाच्या पाठीवर, खोगीर बसतं त्या जागेवर, त्यांनी तळहात टेकवला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. सुपारीएवढा गरम उंचवटा होता. दोन वेळा ब्रश त्यावरून फिरवूनही मला लागला नव्हता. त्या दिवशी तिला खोगीर चढलं नाही. तेव्हापासून मी खरारा एका हाताने करते आणि दुसरा रिकामा हात मागोमाग फिरवते. डोळ्याला जे दिसत नाही ते तळव्याला लागतं: सूज, खपली, गोचीड, नमद्याखाली (खोगिराखालच्या जाड गादीखाली) घासून गेलेले केस.

खोगीर-लगाम चढवणं यानंतर. नमदा थोडा पुढे ठेवून मागे सरकवायचा, म्हणजे केस उलटे दुमडत नाहीत. तंग एकदम आवळायचा नाही. दोन भोकं, मग थोडं चालवून पुन्हा दोन.

खूर उचलायची भीती वाटते. कसं शिकावं?

मलाही वाटायची, अजूनही अनोळखी घोड्याच्या मागच्या पायाशी जाताना पोटात गोळा येतो. तो यावाच.

खांद्याशी उभं राहायचं, तोंड घोड्याच्या शेपटीकडे. हात खांद्यावरून खाली सरकवत न्यायचा, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. ढोपराच्या खाली मागची शीर हलकेच दाबली की बहुतेक शिकलेले घोडे पाय देतात. देत नसेल तर आपल्या खांद्याने त्याच्या खांद्याला थोडं रेटायचं. वजन दुसऱ्या पायावर गेलं की पाय मोकळा होतो. मागच्या पायासाठी कमरेपासून मांडीवरून हात न्यायचा आणि शक्य तितकं अंगाला चिकटून उभं राहायचं. चिकटून असलं तर लाथेचा नुसता धक्का बसतो. हातभर लांब राहिलात तर ती पुऱ्या जोराने लागते. हे पटायला वेळ लागतो.

जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही. वाकायचं किंवा उकिडवं राहायचं, पटकन उठता यावं म्हणून.

हूफ पिक (खूर साफ करायचा आकडा) टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायचं. मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याला आमचे नालबंद पुतळी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत माती, लीद, खडे अडकतात. खाच साफ करायची, पुतळी टोचायची नाही. आणि नाक वापरायचं. ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा एका घोड्याची खाच उकरली तेव्हा काळा, लोण्यासारखा लगदा निघाला आणि असा वास आला की सकाळचा चहा वर आला. खूर सडायला लागल्याची ती खूण. ओल्या ठाणात, चिखलात उभ्या घोड्याला आपल्या पावसाळ्यात हे हमखास होतं. लवकर सापडलं तर रोजची सफाई, कोरडी जमीन आणि डॉक्टर सांगतील ते औषध एवढ्यावर भागतं. उशीर झाला तर घोडा लंगडतो.

नाल साधारण 6 आठवड्यांनी बदलतात, कारण खूर वाढतच असतो. नालबंद येणार त्या दिवशी रजा टाकून जा. रासपीचा (खूर घासायच्या कानशीचा) आवाज, गरम नाल टेकवल्यावर उठणारा केस जळल्यासारखा धूर, आणि पाय धरून उभं राहण्याची मजुरी. एका दिवसात चार महिन्यांचं शिकायला मिळतं.

इजा होऊ नये म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काय?

दोरी हाताला गुंडाळू नका. हे मी माझ्या करंगळीच्या साक्षीने सांगते. एका तबेल्यात, नाव नको, नव्या घोड्याला पाण्याला नेत होते. उरलेली दोरी सोयीची म्हणून तळहाताभोवती दोन वेढे घेतले. शेजारच्या पत्र्यावर नारळाची झावळी पडली. घोडा उधळला, मी तीन पावलं त्याच्याबरोबर गेले, करंगळी मात्र त्याच्याबरोबरच राहायच्या बेतात होती. हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, आणि अजून थंडीत ती सांगते मी इथे आहे म्हणून. चूक माझीच होती. दोरीच्या घड्या करून मुठीत धरायच्या, ओढ बसली की सुटतील अशा.

बाकीचं थोडक्यात. घोड्याला ठीक मागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जायचं. बांधताना एका झटक्यात सुटणारी गाठ, तीही थेट कडीला न मारता कडीतल्या सुतळीच्या फासाला. घोडा घाबरून मागे रेटला तर सुतळी तुटते, मान वाचते. पायात टाचेचे बंद बूट. नव्या घोड्याजवळ जमिनीवर काम करतानाही हेल्मेट. मी घालते, लोक हसतात, हसू देत. आणि हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलायचं, बाहेरून कितीही धड दिसलं तरी.

माझं वय आणि वजन आड येईल का?

वय येत नाही. चाळिशीनंतर पडलेलं भरून यायला वेळ लागतो, एवढं लक्षात ठेवा. गुडघे-कंबर आधी दाखवून घ्या.

वजनाबद्दल स्पष्ट बोलते, कारण घोडा बोलू शकत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा सर्वसाधारण हिशेब आहे. 450 किलोच्या थरोब्रेडला 90 किलोपर्यंत चालतं. 280 किलोच्या तट्टाला 56, आणि त्यात खोगीरच 7-8 किलोचं. म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी आपण ज्यांच्यावर हौसेने बसतो त्यांपैकी पुष्कळांवर मी बसू नये. मी आता बसत नाही. जमिनीवरच्या कामाला मात्र वजनाची मर्यादा नाही, उलट थोडं असलेलं बरं.

गूळ, गाजर, घरची पोळी नेली तर चालेल का?

विचारल्याशिवाय काहीही नाही. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचं, आणि त्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं चुकीचं अन्न मागेच सरकतं, वाटेत काय गोंधळ घालायचा तो घालत. निसर्गाने त्याला दिवसाचे 16 तास थोडं थोडं चरायला केलंय. म्हणून पोट चाऱ्यावर भरायचं. आपल्याकडे हरळी, वाळलेलं गवत, बेताने लसूणघास. चंदी म्हणजे जव, ओट, चणे वगैरे कामाच्या हिशेबाने, थोडी थोडी, दोन-तीन वेळांत वाटून. वाळल्या चाऱ्याचं प्रमाण शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला 6 ते 8 किलो. कुठलाही बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

गाजर उभं, लांब चिरून. गोल चकत्या घशात अडकतात. गूळ बोटाच्या पेराएवढा. लग्नाच्या वरातीतल्या घोड्यांना लोक कौतुकाने लाडू-पेढे भरवतात ते बघवत नाही. फार दाणा आणि गोड यांनी खुरांच्या आतला भाग सुजतो, घोडा तापल्या तव्यावर उभा असल्यासारखा पाय उचलत राहतो.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत: गाईम्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला घालू नका. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं.

घोडा आजारी आहे हे नवशिक्याला कसं कळणार?

आधी धडधाकट घोडा तोंडपाठ करा. शांत उभ्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, ताप गुदद्वारात मोजलेला 99 ते 101.5 फॅरनहाइट. ठोके जबड्याच्या आतल्या कडेला, बोटांखाली दोरीसारखी शीर लागते तिथे मोजायचे. मला ती शीर सापडायला अकरा दिवस लागले. हिरडी गुलाबी, ओली; अंगठा दाबून सोडला की दोन सेकंदांत रंग परत. पोटाला कान लावला तर दोन्ही बाजूंनी गुडगुड ऐकू यायला हवी. आपल्या घोड्याचे आकडे वहीत लिहा. चंपाचे ठोके 36. ते 48 झाले तेव्हा इतरांना ती ठीक दिसत होती.

पोटशुळाची लक्षणं प्रत्येकाने पाठ करावीत: खाणं सोडणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, वळून वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ वळवणं, आडवं होणं, उठणं, लोळणं, लीद न होणं. एवढ्यातलं काही दिसलं की समोरचा चारा काढायचा, डॉक्टरांना फोन करायचा, आणि ठोके मोजून सांगायचे. शांत उभ्या घोड्याचे ठोके 60च्या वर असले तर वाट बघायची नाही. हाताने सावकाश चालवलं तर काहींना बरं वाटतं, पण दमवायचं नाही.

बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल, हिंगाचं पाणी घशात ओतायचं नाही. जुनी माणसं प्रेमाने सुचवतील. घशातून फुप्फुसात गेलं तर पोटशूळ राहिला बाजूला, न्यूमोनियाने घोडा जातो. डॉक्टर नाकातून नळी घालतात, ती कुठे पोहोचली ते तपासतात, मगच देतात.

चंपाचे ठोके 48 झाले ती रात्र मी तबेल्यात काढली. डॉक्टर साडेअकराला आले, गेले, पुन्हा आले. पहाटे चारच्या सुमाराला तिने चार गोळे लीद टाकली. मी आणि मामा बॅटरीच्या उजेडात त्या चार गोळ्यांकडे बघत उभे होतो. मामा म्हणाले, “ताई, चहा टाका.” तोपर्यंत मी मॅडम होते.

उन्हाळ्यात आणि पावसात वेगळं काय?

पावसाळ्याचं खुरांत आलंच. त्याशिवाय पाठीवर सतत ओल राहिली की केस झुपक्यांनी खपलीसकट निघतात. अशा अंगावर खोगीर घालू नये. माश्या वाढतात, आणि घोडमाश्या चावून सर्रा नावाचा रोग पसरवतात. ताप येऊन जातो, येऊन जातो आणि घोडा खंगत जातो, असं दिसलं तर रक्त तपासा.

उन्हाळ्यात काम पहाटेच. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतल्याने त्याला झटका येतो ही समजूत सोडा. अंगभर भरपूर पाणी ओतत राहा, सावलीत, वारा लागेल असं उभं करा, आणि प्यायला पाणी लगेच द्या. घामातून मीठ जातं, म्हणून साधं मीठ रोज चंदीत किंवा चाटायला ठोकळा.

मला स्वतःला काही टोचून घ्यावं लागेल का?

धनुर्वाताचं इंजेक्शन चालू हवं. त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि तबेल्यात खिळे, तारा, ओरखडे रोजचे. घोड्यांनाही ती लस देतात, ते या रोगाला फार बळी पडतात. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसाला होऊ शकतो. सापडलेला घोडा कायद्याने मारावा लागतो. नाकातून घट्ट स्राव, कातडीखाली गाठी किंवा फोड दिसले तर हात लावू नका, सांगा. तबेल्यातल्या घोड्यांची रक्ततपासणी झाली आहे का हे विचारणं उद्धटपणा नाही.

व्हिडिओ बघून शिकता येईल का?

गाठ मारायला, हो. बाकी, वास व्हिडिओत येत नाही.

एवढं शिकल्यावर स्वतःचा घोडा घ्यावा का?

हा प्रश्न सारंगखेड्याहून परतल्यावर विचारला जातो. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमाराला देशभरातून घोडे येतात. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे. धुळीत, ढोलावर नाचणारा घोडा पाहिला की कोणाचीही मती गुंग होते. जरूर जा. पैसे घरी ठेवून जा.

तिथे घेणारे शुभाशुभाच्या खुणा बघतात: अंगावरचे केसांचे भोवरे, देवमण हा गळ्याखालचा शुभ भोवरा, आणि घोडा पंचकल्याणी, म्हणजे चारही पायांनी आणि तोंडावर पांढरा, आहे का. तुम्ही खूर बघा, दात बघा, कडक जमिनीवर सरळ चालवून बघा, पाठीवर तळवा फिरवा. घ्यायचा नसतानाही. एका दिवसात 50 घोड्यांचे पाय बघायला मिळतात, आणि मालक खुशीने दाखवतात. आपल्या भीमथडी तट्टालाही अलीकडे देशातली आठवी घोड्याची जात म्हणून मान्यता मिळाली आहे. पेशव्यांच्या फौजांखालचं हे जनावर आता धनगरांच्या बिऱ्हाडांबरोबर दिसतं. शोभेपेक्षा पाय आणि पोट पक्कं असलेला घोडा कसा असतो, ते त्यांच्याकडे बघून कळेल.

घेण्याबद्दल माझं मत: दोन वर्षं थांबा. चारा, चंदी, साईसचा पगार, नाल, डॉक्टर, जागा, हे दर महिन्याला, तुम्ही बसा किंवा न बसा. घोडा 25-30 वर्षं जगतो. तुम्ही 45चे असाल तर बेरीज करून बघा. मधला मार्ग म्हणजे तबेल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या घोड्याचा अर्धा खर्च उचलणं. मी चंपाचा उचलते. तिच्यावर आता कोणी बसत नाही.

प्रमाणपत्र मिळतं का?

मी करते त्या कामाचं नाही. मामांकडेही नाही.

पहाटे साडेपाचला जाऊन नऊच्या ऑफिसला पोहोचता येतं का? आणि अंगाला वास येतो त्याचं काय?

पोहोचता येतं, जर तबेल्यातच हातपाय धुवायची सोय असेल आणि डिकीत दुसरा जोड असेल. तबेल्याचे कपडे आधी कोरडेच झटकून मग वेगळे धुवा, नाहीतर वॉशिंग मशीनच्या जाळीत इतके केस अडकतात की दुरुस्तीवाला विचारतो, कुत्रा कुठला पाळलाय. डोक्याला जुना सुती स्कार्फ घट्ट बांधा. बूट घराबाहेर.

गाडीचा वास जात नाही. मी लिंबू, कापूर, बेकिंग सोडा, सगळं करून पाहिलं. नवरा आता त्याच्या गाडीने जातो.